मंद आचेचे गफूर मिस्त्री

एप्रिलातल्या दुपारी दोन ते चार रिसोड धड झोपलेलं नसतं आणि धड जागंही नसतं. बाजार समितीकडून सोयाबीनची पोती घेऊन एखादी गाडी जाते, तिचा हॉर्नसुद्धा जांभई दिल्यासारखा लांबतो. कॉलेजातली मुलं परीक्षेच्या अभ्यासाला घरी गेलेली असतात, पंखा नावापुरता फिरत असतो आणि पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर हनुवटी टेकवून बसलेली असते. गफूर मिस्त्री मला पहिल्यांदा दिसले ते अशाच एका दुपारी. त्यामुळे असेल, पण आजही त्यांची आठवण येते ती नीट जागेपणी भेटलेल्या माणसासारखी येत नाही. कडेने थोडी धूसर होऊनच येते.

डोळे उघडले तर कोपऱ्यातल्या विजेच्या भट्टीसमोर एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी, इस्त्रीचा सदरा. सकाळी रसायनशास्त्राच्या सरांनी काही मुशी तापवायला ठेवल्या होत्या, म्हणून भट्टी चालू होती. गृहस्थांनी तिच्या दारापासून वीतभर अंतरावर तळहात धरला होता आणि डोळे मिटले होते. देवळात किंवा दर्ग्यात माणसं उभी राहतात तसे ते उभे होते. त्यांना हाक मारायचं माझ्याच्याने झालं नाही.

"चारशे साठ," ते डोळे न उघडता म्हणाले.

"मीटर पाचशे दाखवतंय," मी म्हणाले.

"मंग मीटर खोटं बोलून राह्यलं, म्याडम."

मला राग आला. ती भट्टी माझी लाडकी होती. नऊ वर्षं मी तिच्यावर मुलांकडून प्रयोग करून घेत होते, वह्या तपासत होते, मीटरवरून आकडा चुकीचा वाचला म्हणून गुण कापत होते. आणि हा कोण कुठला बाबा हात दाखवून मला तापमान सांगणार! मी तसं बोललेही, जरा फटकळपणेच. ते हसले, सलाम केला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ते परत आले, तेव्हा त्यांच्या रुमालात जुन्या टॉर्चच्या सेलचं सोललेलं टरफल होतं.

"हे जस्त," ते म्हणाले. "जस्त चारशे एकोनीसवर वितळते. ते कोनाले घाबरत नाई, मीटरलेबी नाई. ठेवा भट्टीत, आन् पाहा."

मी ठेवलं. दोघंही दाराच्या भोकातून पाहत बसलो. मीटरचा काटा चारशेवीसवर आला, जस्त ढिम्म. चारशे चाळीस झाले, ढिम्म. काटा चारशे साठला टेकला आणि टरफलाची कड पावसात भिजलेल्या कागदासारखी खाली बसली. माझ्या लाडक्या भट्टीचं मीटर चाळीस अंश जास्त दाखवत होतं आणि नऊ वर्षं मी बरोबर उत्तर लिहिणाऱ्या कुणाकुणाचे गुण कापले असतील या विचाराने मला घाम फुटला. गफूर मिस्त्रींनी माझी थट्टा केली नाही. ते फक्त म्हणाले, "आता तुमची भट्टी खरी झाली. आता मले ती एक दिवस पायजे."

ते रिसोडचेच. वडील लोहार, वखराच्या पासा, म्हणजे माती खरवडणारी पाती, पाजवायला आसपासच्या खेड्यांतून शेतकरी त्यांच्याकडे यायचे. गफूर विशीत पुण्याकडच्या एका कारखान्यात लागले आणि तीस वर्षांहून जास्त काळ तिथल्या भट्टीखात्यात राहिले. विमानाला लागणाऱ्या टायटॅनियमच्या पट्ट्या, स्प्रिंगा, खिळे त्यांच्या हातून मुरून बाहेर पडायचे. मुरवणं हा त्यांचाच शब्द. आम्ही पुस्तकात त्याला वयकाठिण्य वगैरे म्हणतो आणि मुलं ते पाठ करून विसरतात. मिस्त्रींनी मला ते एका चहात समजावलं.

"लोखंड लाल करा, पान्यात बुडवा, कडक होते. खतम. माह्या बापाले तेच येत होतं. टायटॅनियमची गोठ उलटी. त्याले तापवून पान्यात बुडवलं का ते नरम पडते. हातानं वाकवा, पायजे तो आकार द्या, ऐकते बिचारं. मंग त्याले मंद आचेवर ठेवा लागते. आठ घंटे. बाहेरून काई दिसत नाई. आत बारीक बारीक दाने धरून राह्यले असतेत, लोनच्यात मीठ शिरते तसे. आच कमी पडली तं कच्चं राह्यते, कवाकवा ठिसूळबी होते. आच जास्त झाली तं लवकर कडक होते, पन दाने मोठे होतेत आन् जोर निघून जाते. मुरवनाऱ्यानं घाई केली का संपलं."

"आणि नंतर? वापरताना तापलं तर?"

"तापलं का दम कमी होतेच. तीनशे, चारशेवर त्याचा जोर बराच उतरते, अजून वर गेलं आन् तिथंच राह्यलं तं आतले दानेच बिघडतेत. पन तुमी काळजी नका करू. आपल्या रिसोडचं ऊन त्याले हिवाळा वाटते."

सगळ्या जगाकडे ते असंच अंशांत पाहत. चहा हातात घेतला की म्हणत, "सत्तर आहे, थांबा जरा." कुणाच्या लेकराला ताप आला की आई त्याला थर्मामीटरआधी मिस्त्रींच्या ओट्यावर आणायची. मे महिन्यात रस्त्यात भेटले की नमस्काराऐवजी म्हणत, "सावलीत त्रेचाळीस, म्याडम, डोक्यावर पदर घ्या." आमच्या प्राचार्यांना एकदाच भेटले आणि बाहेर येऊन हळूच म्हणाले, "मानूस चांगला आहे, पन जास्त आचेवर मुरला." प्राचार्यांकडे पाहिलं की मला ते आठवायचं आणि मीटिंगमध्ये खोकल्याचं सोंग करावं लागायचं.

स्वतःच्या फजितीची गोष्ट ते सगळ्यात रंगवून सांगत. कारखान्यातला पहिला महिना. फोरमनसाहेबांनी टायटॅनियमच्या चाळीस स्प्रिंगा भट्टीत घातल्या आणि लक्ष ठेवायला यांना बसवलं. लोहाराचा मुलगा! वडिलांनी शिकवलेलं, की पोलादावर आधी गव्हाळ रंग येतो, मग जांभळा, मग निळा, आणि निळा दिसला की काढायचं, नाहीतर धार गेली. टायटॅनियमवरही तेच रंग येतात, पण फार वेगळ्या आचेला, वेगळ्या वेळेला. यांनी दीड तासात निळी झाक पाहिली आणि फोरमन जेवायला गेलेला असताना स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन सगळ्या स्प्रिंगा बाहेर काढल्या.

"फोरमनसाहेब आले. वरडले नाईत. म्हने, गफूर, एक उचल आन् वाकव. म्या वाकवली. वाकली न! म्हने, दुसरी. तेबी वाकली. चाळीसच्या चाळीस वाकवाले लावल्या त्यायनं, एक एक. माह्या डोळ्यातून पानी येऊन राह्यलं होतं. मंग म्हने, आता सरळ कर, आन् परत ठेव. कच्चं राह्यलेलं परत मुरते, पोरा. जास्त झालेलं परत येत नाई."

ही गोष्ट सांगून झाली की ते भट्टीकडे तोंड करून बसत. भट्टीचा गुणगुण आवाज चालू असे, खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत असे आणि त्यांच्याकडे आणि भट्टीकडे पाहता पाहता माझ्या उत्तरपत्रिका तशाच राहत.

आता त्यांना भट्टी कशाला हवी होती ते सांगायला हवं. त्यांच्या पत्नीचं नाव सकीनाबी, मी त्यांना चाची म्हणायला लागले होते. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय घोट्यापासून लुळा झालेला. उचलला की पाऊल खाली लोंबायचं. त्यासाठी त्या लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आणि जड बूट घालत आणि तसल्या पायाने त्यांनी चाळीस वर्षं रिसोडच्या गल्ल्यांत बांगड्या विकल्या. लग्न, डोहाळे, नागपंचमी, ईद, कुणाच्याही घरी टोपली घेऊन चाची जायच्या आणि बाईचा हात हातात घेऊन, मुठीत अंगठा दुमडून, एकही काच न फोडता बांगडी चढवायच्या. गावातला कुठला हात हल्ली वाळला आणि कुठला सुजला, हे त्यांना सरकारी दवाखान्याच्या आधी कळे. मिस्त्री तीस वर्षं पुण्याकडे, ईदला आठ दिवस घरी. चाची इथे, त्यांच्या गल्ल्या सोडून त्या गेल्याच नाहीत.

साठी ओलांडली तसा तो जड कॅलिपर त्यांच्या कमरेला झेपेना. प्लास्टिकची पट्टी आणली, ती उन्हाळ्यात घामाने कातडी सोलून काढायची आणि दोनदा घोट्यापाशी तडकली. डॉक्टरांनी सांगितलं, आता चालणं बंद करा, आणि चाकाची खुर्ची लिहून दिली. खुर्ची आली. तिच्यावर चाचींनी बांगड्यांची खोकी रचली आणि पुन्हा टोपली उचलली. पण रोज एक गल्ली कमी होत होती. आधी वरची आळी सुटली, मग बसस्टँडकडची. मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मशिदीच्या गल्लीपर्यंतच जाते. ते बी बंद झालं का मी मेली समजा." हे त्यांनी हसत सांगितलं, बांगड्या पुसता पुसता.

मिस्त्री त्या वेळी दारात उभे होते. मला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "म्या विमानाले स्प्रिंगा देल्या, म्याडम. हजारांनी देल्या. घरच्या पायाले एक नाई देली."

निवृत्तीच्या दिवशी फोरमनसाहेबांनी त्यांना विचारलं होतं, आठवण म्हणून काय हवं. त्यांनी घड्याळ नको म्हणून सांगितलं आणि उरलेल्या टायटॅनियमच्या तीन नरम पट्ट्या मागून घेतल्या. हातभर लांब, दोन बोटं रुंद. त्यांचा बेत सरळ होता. पट्टी पोटरीपासून टाचेखाली वळवायची आणि मुरवायची. पाऊल टेकलं की ती दबणार, उचललं की पाऊल वर धरणार. वजन लोखंडाच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त, आणि लोखंडाइतकी जाडजूडही लागणार नव्हती. पट्ट्या फक्त तीन होत्या, आणि तसला पत्रा रिसोडच्या काय, वाशीमच्या बाजारातही मिळणारा नव्हता.

पहिली पट्टी त्यांनी घरच्या कोळशाच्या भट्टीत मुरवली होती, मला भेटण्याच्या महिनाभर आधी. लोखंडी डब्यात बंद करून. पाचशेच्या आसपास डबा दिवसाउजेडी काळाच दिसतो, लाल व्हायला लागला की समजायचं जास्त झालं. डब्यावर नजर ठेवून ते आठ तास बसले. चाचींनी ती पट्टी सहा दिवस घातली. सातव्या दिवशी मशिदीच्या गल्लीत ती घोट्यापाशी वाकली आणि चिरली. चाची टोपलीसकट पडल्या, मनगटभर काचा रुतल्या. म्हणून मिस्त्री मीटर असलेली भट्टी शोधत आमच्या कॉलेजात आले होते.

मीटर खरं झाल्यावर दुसरी पट्टी आमच्याकडे मुरवली. झकास झाली. मिस्त्रींनी ती नखाने वाजवली, कानाशी धरली आणि मान डोलावली. मला वाटलं आता ती चाचींच्या पायात जाणार. ती गेली घरातल्या शिलाई मशीनला. मिस्त्रींनी मशीनचं डोकं उतरवून ठेवलं, पट्टी एका बाजूला घट्ट आवळली आणि दुसरं टोक पायडलच्या दांड्याला बांधलं. पाय मारला की पट्टी वाकायची, सरळ व्हायची. रोज दुपारी ते बसून पाय मारत राहायचे. पट्टी वाकतेय, सरळ होतेय, मिस्त्रींचे डोळे मिटलेले, आणि गल्लीत कुणी नाही. मी एकदा तासभर ते पाहत बसले आणि घरी येताना मला वाटलं, मी कुठल्यातरी फार लांबच्या गावाला जाऊन आले.

अकरा दिवस झाले, पट्टीला काही झालं नाही. बाराव्या दिवशी मिस्त्रींनी तिच्यावर वजन टांगायला सुरुवात केली, वाढवत वाढवत गेले आणि ती मोडून टाकली. त्या दिवशी चाची खरोखर चिडल्या.

"चांगली होती नं? मंग मोडली काहून?"

"मोडल्याशिवाय कसं कळन, कुठवर टिकते ते?"

"या अल्ला! तुमाले मोडाले एक पायजे, मले चालाले एक नाई?"

"तुह्यासाठी तिसरी आहे."

"आन् ते बिघडली तं?"

मिस्त्री मोडलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मला त्या क्षणी चाचींचं पटलं होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं. "एकदा पडली ते बस झालं, म्याडम," ते म्हणाले. "आता अंदाजानं तिच्या पायात काई जानार नाई."

तिसऱ्या पट्टीचा दिवस जूनमधला होता, कॉलेज उघडायच्या आदल्या आठवड्यातला. सकाळी आठला भट्टी लावली, नऊला आच जागेवर आली. शिपाई रामराव पाच वाजता कुलूप लावून केनवडच्या जीपने गावी जायचा, त्यामुळे हिशेब बरोबर बसत होता. नऊ ते पाच, आठ तास. मिस्त्री स्टुलावर बसले. मी वह्या उघडल्या. सगळं छान गुंगीत चाललं होतं आणि बाराच्या सुमारास लाइट गेली.

भट्टीचा गुणगुणाट थांबला तेव्हा कळलं तो किती मोठा होता. मी दाराकडे धावले, आत पाहायला. मिस्त्री मध्ये उभे राहिले. "उघडू नका. बंद राह्यली तं हळूहळू उतरन. उघडली तं गेली." मग त्यांनी रामरावकडून पोती मागवली आणि भट्टीला अंगाखांद्यावरून गुंडाळून घेतलं. दीड तास आम्ही त्या गुंडाळलेल्या भट्टीशेजारी बसून राहिलो. लाइट आली तेव्हा आच शंभराने उतरलेली होती, ती परत जागेवर यायला आणखी वेळ गेला. मी कागद काढला.

"चाचा, दोन तास तरी वाया गेले. पाचच्या आत व्हायचं असेल तर आच साठ-सत्तर अंशांनी वाढवू या. लवकर कडक होईल. पुस्तकात आहे तसं."

"होईन नं," ते म्हणाले. "कडक होईन. पन जेवढी व्हाले पायजे तेवढी नाई होनार. त्या मशीनवर पाच दिवसांत मोडन."

"पण रामराव पाचला जाणार. तुम्हीच म्हणाला होता, परत लावायची तर आणखी एक अख्खा मोकळा दिवस लागेल, आणि कॉलेज उघडलं की भट्टी मिळणार नाही."

"मंग रामरावले चहा पाजू. सातपर्यंत."

मी वैतागले होते. म्हणाले, "तुम्हाला कशाचीच घाई नाही."

ते माझ्याकडे वळले. चेहरा माझ्याकडे, पण नजर माझ्या कानाच्या थोडी बाजूला. त्या क्षणी ते मला पहिल्यांदा दिसलं, इतके दिवस मी काय पाहत होते कोण जाणे.

"मले लय घाई आहे, बेटा," ते म्हणाले. त्यांनी मला पहिल्यांदाच बेटा म्हटलं. "काचबिंदू आहे. एक डोळा पुरा गेला, दुसरा चालला. गेलं ते येत नाई म्हने डॉक्टर. पयल्या पट्टीच्या टायमाले मले डबा काळा दिसला. तो लाल होता. म्या लाल असलेला डबा काळा समजून आठ घंटे त्याच्यापुढं बसलो. पट्टी हातात घेतली, वरून पोपडे निघाले, तवा समजलं." थोडं थांबून म्हणाले, "आन् म्या ती तिच्या पायात घातली. वाटलं, चालन. माह्या हाताखालून गेलेली आहे, चालन. तिले सांगू नका. तिले समजलं का माह्या डोळ्यानं तिले पाडलं, तं ते हे तिसरी घालनार नाई."

मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन जास्त आलं. मी रामरावला चहा सांगायला बाहेर गेले.

सहाच्या सुमारास चाची आल्या. जड कॅलिपर, जड बूट, हातात भाकरी आणि ठेच्याचा डबा. घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता त्यांनी दोन वर्षांत पायी केला नव्हता. व्हरांड्यातल्या बाकावर त्या बसल्या आणि कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिल्या. आत मिस्त्री भट्टीजवळ होते, दार अर्धं लोटलेलं.

"उशीर काहून झाला?" त्यांनी मला विचारलं. मी लाइटचं सांगितलं, आच वाढवायला ते तयार नाहीत हेही सांगितलं. चाचींनी मान हलवली.

"त्यायच्या मनानं होऊ द्या." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्याडम, तुमी सोबत आहा नं आत? मीटर तुमी वाचता नं?"

"हो. का?"

"त्यायले दिसत नाई." त्या बांगडी फिरवत बोलत होत्या. "पयल्या बारी डबा लालबुंद झाला होता. म्या पायला. मी तिथंच भांडे घासून राह्यली होती. मले वाटलं, यायले लालच पायजे असन. मंग ते मले म्हने, पाहा, काळा आहे, बरोबर आहे. तवा माह्या ध्यानात आलं. डबा अंगारासारखा, आन् ते म्हनते काळा."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? आणि ती पट्टी घातली कशाला?"

"सांगू काय? तीस वर्सं तो मानूस आपल्या डोळ्याच्या भरोशावर जगला. तो भरोसा मी मोडू? मले लोखंडातलं काय समजते, वाटलं टिकलबी. पडली तं पडली. मी लहानपनापासून पडून राह्यली, मले उठाले येते." त्यांनी दाराकडे पाहिलं. "त्यायले सांगू नका मले मालूम आहे म्हनून."

मी दोघांच्या मधल्या दारात उभी होते. आत एक माणूस, बाहेर एक, आणि दोघांनीही एकच गोष्ट माझ्या ओच्यात टाकून गप्प राहायला सांगितलेलं. माझा स्वभाव पोटात काही न ठेवण्याचा. त्या संध्याकाळी मात्र मी गप्प राहिले आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. रामरावची जीप केव्हाच गेली होती, तोही बाकावर बसून ठेचा-भाकर खात होता. सव्वासातला मिस्त्रींनी बटण बंद केलं. दार उघडलं नाही. "रातभर आपोआप निवू द्या," म्हणाले. घरी जाताना ते दोघं माझ्यापुढे चालत होते. चाचींनी त्यांच्या कोपराला धरलं होतं. पाहणाऱ्याला वाटावं, पायाला आधार म्हणून धरलं आहे.

सकाळी मी भट्टी उघडली. मिस्त्री माझ्या शेजारी, तळहात पुढे करून. पट्टी मी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, पोपडे नव्हते. वाजवली. मग हळू आवाजात विचारलं, "रंग कोनता आला?"

"मध्ये गव्हाळ, कडेला जांभळा. एका टोकाला थोडा निळा."

"टोकाले निळा?"

"अगदी टोकाला. मोरपिसात असतो तसा."

"असन, असन," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. कारखान्यातला तो रंग त्यांना आठवत असणार. मी सांगितलेला त्यांनी आठवणीतून पाहून घेतला.

पट्टीला आतून चामडं लावलं, साध्या चपलेत बसवली. पहिल्या दिवशी चाची घरातल्या घरात, मग ओट्यापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. नागपंचमीला त्या वरच्या आळीत दिसल्या. दिवाळीला माझ्या दारात टोपली घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि त्यांनी माझ्या हाताकडे. "लय वाळल्या, म्याडम, जेवत नाई काय?" म्हणाल्या आणि एक मापाने लहान बांगडी माझ्या हातात सहज सरकवून दिली. चाकाच्या खुर्चीवरची खोकी अजून तिथेच होती. पट्टी पुढच्या उन्हाळ्यात टिकली, त्याच्या पुढच्याही टिकली. अजून टिकून आहे, असं परवा फोनवर कळलं.

मिस्त्रींचा दुसरा डोळा त्या दिवाळीनंतरच्या हिवाळ्यात गेला. मग ते दोघं केनवडला मुलीकडे राहायला गेले. माझीही बदली झाली. केनवडलाच दीड वर्षाने मिस्त्री गेले, झोपेत, दुपारी. मला बातमी आठ दिवसांनी कळली. फार वाईट वाटलं, आणि मी मातीला जाऊ शकले नाही याचं अजून वाटतं.

मला ते शेवटचे दिसले केनवडला जायच्या दिवशी, रिसोडच्या बसस्टँडवर. मी त्यांना पोचवायला गेले होते. एसटी लागली. तिची पहिली पायरी किती उंच असते, आपल्याला कधी जाणवत नाही. चाचींनी पिशवी आत टाकली, दांडा धरला आणि चढल्या. खाली मिस्त्री कान तिरपा करून उभे होते, चेहरा बसकडे नाही, जमिनीकडे.

"आधी कोनता पाय टाकला?" त्यांनी मला विचारलं.

"डावा," मी म्हणाले. आणि खरंच डावा होता.

त्यांनी मान हलवली, एकदा, मग आणखी एकदा. तसेच उभे राहिले. मागची माणसं ढकलायला लागली, कंडक्टर ओरडला, "ओ चाचा, चढा नं लवकर!" त्यांनी हात पुढे केला, पण दांडा सापडेना. चाची वळल्या. दारातच घट्ट उभ्या राहून खाली वाकल्या, त्यांचं मनगट पकडलं आणि सगळा भार डाव्या पायावर देऊन त्यांना वर ओढून घेतलं.